छातीतलं पाणी आणि भिंगबाई

माणूस किती घाणेरडा प्राणी आहे हे ज्याला बघायचं असेल, त्याने मोठ्या हॉटेलच्या तळघरातल्या चादरींच्या खोलीत आठ दिवस काम करावं. भिंगबाईने तिथे सव्वीस वर्षं काढली. भिंगबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. लाँड्रीतल्या एका माणसाने चिडून ठेवलेलं ते नाव. त्याने धुऊन, इस्त्री करून, घडी घालून पाठवलेल्या चादरीवर तिला तिळाएवढा डाग दिसायचा आणि ती चादर परत त्याच्या गळ्यात पडायची. नाव चिकटलं, आणि बाईंना ते मनातून आवडलंही.

काम साधं होतं. दोन ट्यूबलाइटखाली लांबलचक टेबल, त्यावर चादर पसरायची, डोक्यापासून पायापर्यंत एकदा बघायची, पायापासून डोक्यापर्यंत एकदा. डाग दिसला की लाल चिठ्ठी टाचायची आणि परत. उशांच्या अभ्र्यांवर केसांचा काळा रंग, टॉवेलांवर बुटांचं पॉलिश, गादीत बसून खाणाऱ्यांचे तेलकट हात, आणि बाकीचे डाग कसले ते सभ्य माणसाने विचारू नये. वर लिफ्टपाशी कोट-टाय घालून अदबीने मान तुकवणारी माणसं खाली तिच्या टेबलावर उघडी पडायची. बाई कुणाच्या तोंडावर काही बोलायच्या नाहीत. पण जेवायला बसल्यावर घास तोंडाशी नेताना कधीकधी मध्येच थांबायच्या, आणि शेजारच्या बायकांना कळायचं की आज बाईंनी काहीतरी भयंकर बघितलंय.

एखादी नवी मुलगी म्हणायची, "बाई, एवढासा तर आहे डाग, गादीखाली जाईल." बाई चष्म्यावरून बघायच्या. "धुतलेली असते नाहीतर न धुतलेली असते. थोडीशी धुतलेली अशी चादर नसते." विषय संपला.

अशा बाईच्या नशिबी नवरा आला तो बसचा ड्रायव्हर. स्वभावाने लाख माणूस, पण दर फेरीच्या शेवटी एक सिगारेट, आणि फेऱ्या दिवसाला बारा. सकाळी बेसिनपाशी त्याचं खाकरणं सुरू झालं की भिंगबाई स्वयंपाकघरात भांडी आपटायला लागायची, म्हणजे तो आवाज कानावर पडायला नको. त्याच्या शर्टाला वास, मिशीला वास, पडद्यांना वास. खिडकीच्या कट्ट्यावर राख दिसली की तिच्या पोटात ढवळायचं. ड्रायव्हर हसायचा. "मी चादर असतो तर लग्नाच्या दुसऱ्या दिवशी लाल चिठ्ठी लावून परत पाठवलं असतंस." "पाठवलंच असतं," ती म्हणायची. मूलबाळ झालं नाही, दोघंच एकमेकांना. प्रेम होतं का? होतं. पण ते नाक धरून होतं.

दोघं निवृत्त झाली आणि दोन वर्षांत त्याला खोकला लागला. तपासण्या झाल्या, डाव्या फुप्फुसात गाठ निघाली, औषधांचे कोर्स झाले, केस गेले, तोंडाची चव गेली, गाठ मात्र गेली नाही. ती फुप्फुसाच्या बाहेरच्या पातळ आवरणावर पसरली आणि तिथे पाणी साठायला लागलं. डॉक्टरांनी तीनदा सुई घालून ते काढलं. दहा दिवसांत पुन्हा जैसे थे.

त्या पाण्याने त्याचं आडवं होणं बंद केलं. पाठ टेकली की पाणी चढायचं आणि तो बुडणाऱ्या माणसासारखा उठून बसायचा. मग तो बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसून, पुढच्या टेबलावर उशी आणि उशीवर कपाळ टेकवून डुलक्या घ्यायचा. सहा आठवडे तो माणूस गादीला पाठ लावू शकला नव्हता. पाय सुजून खांबासारखे झाले होते. अभ्र्यावर लाळेचे, घामाचे डाग पडायचे आणि भिंगबाई दिवसातून तीनदा अभ्रा बदलायची. त्याहून जास्त तिला काही करता येत नव्हतं.

नणंद रोज यायची. ड्रायव्हरची थोरली बहीण, तब्येतीने ठणठणीत, जिभेने त्याहून ठणठणीत. आल्या आल्या दारातूनच डोळ्यांना रुमाल. तिची सक्त ताकीद होती की आजाराचं नाव घरात कुणी काढायचं नाही, भावाला कळलं तर तो हाय खाईल. भावाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तो बहिणीसमोर माहीत नसल्यासारखं करायचा, कारण समजूत घालायला लागणारा दम त्याच्याकडे नव्हता. त्या रुमालाची भिंगबाईला भारी शिसारी यायची. कोरडाच असायचा मेला.

अशात एका डॉक्टरांनी त्यांना सर्जनकडे पाठवलं. सर्जन म्हणजे चाळिशीची एक बाई. भिंगबाईने आधी तिची नखं बघितली. आखूड होती, स्वच्छ होती. मग तिने तोंडाकडे बघितलं.

"गाठ काढणार ना?" भिंगबाईने विचारलं.

"नाही. ती काढण्यापलीकडे गेलीय."

"मग कापता कशाला?"

"पाणी काढायला." सर्जनबाईने कागदावर फुप्फुस काढलं, भोवती एक रेघ काढली, मधे पाणी म्हणून पेन्सिल फिरवली. "छोटं छिद्र पाडून दुर्बिणीने आत बघू. सगळं पाणी काढल्यावर फुप्फुस नीट फुगलं, तर पूड फवारून ही दोन आवरणं एकमेकांना चिकटवू, म्हणजे पाणी साठायला जागाच उरणार नाही. नाही फुगलं, तर एक मऊ नळी बसवू. टोक बाहेर राहील. एक दिवसाआड तुम्ही घरीच पाणी काढायचं."

"म्हणजे घाण आत तशीच ठेवायची आणि वर नळ बसवायचा?"

"तसं म्हणा हवं तर." सर्जनबाई रागावली नाही. "हे ऑपरेशन आजार बरा करायला नाही. आयुष्य वाढेल असंही मी सांगत नाही. दम कमी लागेल. आडवं होता येईल."

नणंद सोबत होतीच. "बरा होणार नसेल तर कशाला सुरी लावायची त्याच्या अंगाला? शांतपणे जाऊ दे ना माझ्या भावाला." शांतपणे! रोज आठ तास गादीवर घोरणारी बाई खुर्चीत बसून तडफडणाऱ्या माणसाच्या शांतपणाची काळजी करत होती. पण खरी गोष्ट ही की त्या क्षणी भिंगबाईलाही तेच वाटत होतं. कापायचं, टाके घालायचे, आणि मूळ घाण जिथल्या तिथे. असलं अर्धवट काम तिने जन्मात पास केलं नव्हतं. ती नाही म्हणायला तोंड उघडत होती.

"तुम्ही दोघी बोलताय," सर्जनबाई म्हणाली, "छाती त्यांची आहे." आणि उठून बाहेर गेली.

ड्रायव्हर बाकावर पुढे वाकून बसला होता. सर्जनबाई त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि तिने सगळं पुन्हा सांगितलं, काही न लपवता, त्या आजाराच्या नावासकट. नणंदेने रुमाल तोंडात कोंबला. ड्रायव्हरने एकच विचारलं. "आडवं... होता येईल?"

"बहुतेक येईल."

"आणा... कागद."

सहीनंतर प्रश्न आला की नळी बसली तर घरी पाणी कोण काढणार. नणंदेने तत्काळ काखा वर केल्या, म्हणे मला असलं बघितलं की भोवळ येते. सगळ्यांनी भिंगबाईकडे बघितलं. राखेने जिच्या पोटात ढवळायचं, तिच्याकडे. ती म्हणाली, "करीन." आणि पुढे सर्जनबाई काय बोलली ते तिला ऐकूच आलं नाही.

ऑपरेशन झालं. फुप्फुस पुरतं फुगलं नाही, म्हणून पूड नाही, नळीच बसली. बरगड्यांखालून बाहेर आलेली, पांढरी, करंगळीहून बारीक. वॉर्डातल्या जाड्या सिस्टरने भिंगबाईला शिकवलं. हात धुवा, मोजे घाला, टोक पुसा, बाटलीची नळी जोडा, चिमटा सोडा. बाटलीतली हवा आधीच काढलेली असते, ती आपली आपण पाणी ओढून घेते. "एक बाटली, म्हणजे एक लिटर. त्यावर एक थेंब नाही. आणि खोकला आला, छातीत दुखलं, की बाटली भरो न भरो, बंद. कळलं?" कळलं. स्वच्छतेच्या बाबतीत तर सिस्टरलाच तिच्याकडून शिकायला झालं असतं. भिंगबाईने हात असे धुतले की सिस्टर म्हणाली, "अहो, कातडं ठेवा थोडं."

पण ते पाणी! शिळ्या, कोऱ्या चहाच्या रंगाचं, त्यात दोऱ्यासारखं काहीतरी तरंगणारं. तिच्या माणसाच्या आतून ते निघत होतं, सरसर, बाटलीत फेस करत. इतरांना वास येत नव्हता, तिला येत होता. काम संपवून, बाटली बांधून टाकून ती न्हाणीघरात जायची, नळ मोठा सोडायची आणि ओकायची.

आणि तो झोपला. घरी आल्याच्या पहिल्याच दुपारी तो गादीवर आडवा झाला, आधी एका कुशीवर, मग घाबरत घाबरत पाठीवर. एकला झोपला तो सहाला उठला. उठून छताकडे बघत म्हणाला, "पंख्याला जाळं लागलंय. तुझ्या राज्यात?" सहा आठवड्यांत त्याला छत बघायलाच मिळालं नव्हतं.

दहा दिवस छान गेले. मग नणंदेने घोळ घातला. पाणी काढायच्या दिवशीच ती चार पाहुणे घेऊन आली, आणि ते बसले ते बसलेच. कुणाच्या मेव्हण्याला हेच झालं होतं, तो कसा गेला, शेवटी काय काय झालं, सगळं आजाऱ्यासमोर चवीचवीने. एका बाईने नळी बघायला मागितली. भिंगबाईला त्या माणसांची त्या पाण्याहून जास्त किळस आली. ते गेले तेव्हा ड्रायव्हर इतका दमला होता की म्हणाला, आज नको, उद्या.

उद्यापर्यंत पाणी वाढलं होतं. बाटली गळ्यापर्यंत भरली तरी नळीत तपकिरी धार तशीच. एक लिटर झालं होतं. नियम तिला पाठ होता. पण भिंगबाईची नजर त्या नळीवर खिळली होती. आत अजून आहे. ही घाण अजून त्याच्या आत आहे, आणि ती अर्धी काढून मी वर पट्टी लावणार? तिने चिमटा लावला, दुसरी बाटली जोडली, चिमटा सोडला.

"अगं, बस ना," तो म्हणाला. "छातीत ओढतंय."

"थोडंच राहिलंय. एकदाचं सगळं निघू दे."

सगळं निघत नसतं. दुसरी बाटली पाऊण भरली आणि त्याला खोकला आला, तो थांबेना. छाती धरून तो वाकडा झाला. ओठ पांढरे पडले, मग निळसर, आणि तोंडाला गुलाबी फेस आला. भिंगबाईने चिमटा लावला आणि अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला, पण पत्ता सांगताना तिला स्वतःच्या घराचा मजला आठवेना.

"किती काढलंत?" वॉर्डात जाड्या सिस्टरने विचारलं.

"एक बाटली. आणि दुसरी पाऊण."

"का?"

"येत होतं."

"येणारच! रोज येणार ते. तुम्ही काय पाण्याची टाकी धुताय?" सिस्टर ओरडली, मग आवाज खाली आणून म्हणाली, "महिनोन्‌महिने दबलेलं फुप्फुस आहे ते. एकदम ओढलं की त्याला सोसत नाही. जिवावर बेततं, बाई."

तो वाचला. तीन दिवस तोंडाला ऑक्सिजन होता. नणंदेने सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं सांगितलं, "हिच्या हातात देऊ नका हो त्याला. मारलाच होता हिने." भिंगबाईला या बाईला द्यायला हजार उत्तरं कायम तयार असायची. या वेळी मात्र बोलणं खरं होतं. आयुष्यभर जगाची घाण बघून नाक मुरडणारी ती, तिला पहिल्यांदा स्वतःची शिसारी आली.

सर्जनबाईने स्पष्ट सांगितलं. आता त्यांना वॉर्डातच ठेवलेलं बरं, पाणी सिस्टर काढतील. म्हणजे शेवटपर्यंत इथे. हिरव्या पडद्यामागे, एका बाजूला कण्हणारा म्हातारा, दुसऱ्या बाजूला दिवसभर बडबडणारा टीव्ही.

"मला घरी जायचंय," ड्रायव्हर म्हणाला.

"इथे बरे आहात," भिंगबाई म्हणाली. "माझ्याने नाही होणार ते. मला किळस येते त्याची. सहन होत नाही, म्हणून मी..."

"माहितेय." तो मास्क बाजूला करून बोलत होता, तुटक तुटक. "नळ सोडून ओकतेस. ऐकू येतं मला."

तिने त्याच्या अंगावरची चादर सरळ केली.

"या सिस्टरना काही वाटत नाही. चांगल्या आहेत. पण त्यांना काही वाटत नाही. तूच काढ. आणि मी बस म्हटलं... की बस."

मग सर्जनबाईने मार्ग काढला. दोन दिवसांनी भिंगबाईने तिच्यासमोर पाणी काढायचं. थांबायचं तिथे थांबली तर तो घरी जाईल, नाहीतर नाही.

पडदा ओढून घेतला होता. सर्जनबाई पायाशी, सिस्टर उशाशी. भिंगबाईने नळी जोडली, चिमटा सोडला, पाणी सुटलं. दोनशे. चारशे. आजवर दर वेळी तिचे डोळे बाटलीवर असायचे. आज तिने बाटलीला पाठ दिली आणि त्याच्याकडे बघत राहिली. सव्वीस वर्षं जी नजर तिने लोकांच्या चादरींवर खर्च केली होती, ती सगळी त्याच्या चेहऱ्यावर ठेवली. तो काही बोलत नव्हता. घरी जायचं म्हणून तो बोलणारही नव्हता, गाढव कुठला. पण डाव्या डोळ्याखालचं कातडं एकदा आखडलं, आणि चादरीखाली पायाचा अंगठा वाकला.

तिने चिमटा लावला.

"झालं?" सिस्टरने विचारलं. बाटलीत सहाशेसुद्धा नव्हतं.

"झालं."

"अजून आहे आत."

"माहितेय."

नळीत वीतभर तपकिरी पाणी अडकून उभं होतं. तिने ते बघितलं. तिने टोक पुसलं, टोपी लावली, नळी गुंडाळून वर पट्टी चिकटवली. सर्जनबाईने ड्रायव्हरला विचारलं, "दुखत होतं?" तो म्हणाला, "सुरुवात होत होती." सर्जनबाईने घरी जायच्या कागदावर सही केली.

त्यानंतर तो नऊ आठवडे जगला. ते काही सुखाचे आठवडे होते असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये. तो वाळत गेला, कपड्यांची मापं दर आठवड्याला बदलली, एका हाताला कंप सुटला. एक दिवसाआड पाणी निघायचं, कधी चारशे, कधी सातशे. एक दिवसाआड भिंगबाई ओकायची, आता नळ न सोडता. किळस गेली नाही, कमी झाली नाही. लोक म्हणतात सवय होते. तिला झाली नाही. पण तो आडवा झोपला, रोज, स्वतःच्या गादीवर. आणि दर वेळी ती थोडं पाणी आत ठेवून थांबली. दर वेळी ते ठेवणं तिला नव्याने जड गेलं.

तो गेला तो दुपारी, झोपेत, पाठीवर आडवा. त्या दिवशी पाणी काढायचं होतं. भिंगबाईने मोजे, बाटली, पट्टी सगळं मांडून ठेवलं होतं आणि तो उठायची वाट बघत बसली होती. मग तिच्या लक्षात आलं.

माणसं जमली. नणंद आली, या वेळी रुमाल खरोखर ओला होता. तिने भावाच्या अंगावरून हात फिरवला, तो बरगडीखालच्या पट्टीवर गेला आणि चटका बसल्यासारखा मागे आला. "निदान आता तरी ती घाण काढा गं त्याच्यातून," ती भिंगबाईला म्हणाली. "बाटली आहेच इथे. सगळं काढून टाक, स्वच्छ होऊन जाऊ दे."

भिंगबाई पुढे झाली, तिने शर्ट खाली ओढून पट्टी झाकली आणि त्यावर हात ठेवला.

"काही काढायचं नाही," ती म्हणाली. "दुखतं त्यांना."